आखाजीचा एपिसोड

जळगाव,
१४ मे २०२५

दीपकभाऊ,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात. मी लिहीत नाही. मनात नाही ते कागदावर कशाला आणू?

तू म्हणशील, खिशात फोन असताना ही पोस्टाने का लिहिते. कारण फोनवरचं माझं बोलणं तू रेकॉर्ड करतोस. दिवाळीत मी तुला हसत सांगितलं की अक्काच्या सासूबाईंना तुझं पॉडकास्ट लावून दिलं, आणि 'सबस्क्राईब कर' म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "वर्गणी भरनी पडस का व?" पुढचा एपिसोड माझ्या त्याच हसण्याने सुरू झाला. मला विचारलं नव्हतंस. तेव्हा मी गप्प बसले, थोडं बरंही वाटलं होतं. म्हणून आता कागद. हा तुला माइकपुढे वाजवता येणार नाही.

अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू आमच्या गावी आलास. आत्याचा मुलुख आहे, ये की. लग्नांच्या शूटिंगचा तुझा तो केसाळ माइक बांबूला बांधून तू नदीच्या वाळूत उभा होतास, तेव्हा मला वाटलं, झोक्याची गाणी घेतोय, गौराईची घेतोय. पण शेवटच्या दिवशी दोन्ही काठांवरच्या बाया एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात, त्याचंही तू सगळं घेतलंस. नावांसकट. माझ्या आईने, तुझ्या आत्याने, तुला लहानपणी कडेवर घेऊन तिथे नेलंय. तिथला नियम तुला माहीत नाही असं नाही. वर्षातून एक दिवस सासरच्यांना काय वाट्टेल ते म्हणायचं, पाय धुवायचे आणि घरी यायचं. नदीवरचं नदीवर.

तू ते सहा मेला तुझ्या पॉडकास्टवर, 'वसरीवरल्या गोष्टी'मध्ये टाकलंस. अक्का तीन तारखेलाच एरंडोलला सासरी परत गेली होती. नऊ तारखेला तिचा दीर तिला एका पिशवीसह आमच्याकडे येणाऱ्या दोंडाईच्याच्या बसमध्ये बसवून गेला. "आम्हाला रेडिओवर बदनाम करणारी सून नको," असा निरोप. अक्का घरी आल्यापासून भाकरी करते आणि चुलीपाशीच बसून राहते.

तिने काय म्हटलं होतं? "मन्ही सासू भिकुबाई, चहामा साखर नही." एवढंच. समोरच्या काठावरच्या बाईने तर स्वतःच्या सासऱ्याला रेड्याची उपमा दिली. पण तिचं सासर सुरतेकडे आहे आणि तिथल्या फोनमध्ये तुझं पॉडकास्ट नाही.

तो एपिसोड काढ. आज काढ.

कोकिळा


धुळे,
१८ मे २०२५

कोकिळा,

नमस्कार मी लिहितो, तुझ्या मामाच्या घरात तेवढं शिकवलंय.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मग राग आला. आता दोन्ही आहे.

तुझ्या अक्काचं, दीपमालाचं, ऐकून मला झोप लागेना, खोटं नाही सांगत. पण तू मला चोर ठरवलंस ते बरं नाही. मी काही झाडामागे लपून रेकॉर्डिंग केलं नाही. सगळ्यांसमोर उभा होतो, तुमच्या गावच्या बेबामावशीने माझ्या माइकला 'कोल्हानं शेपूट' म्हणून नाव ठेवलं, तेही एपिसोडमध्ये आहे. आणि मी परवानगी घेतली होती. आदल्या दिवशी निंबाआबांच्या पाया पडून विचारलं. ते म्हणाले, "कर रे भाऊ, जग तरी पाहू दे आपली आखाजी." तुझे सख्खे मोठे काका आहेत, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. अजून कोणाला विचारायचं होतं?

साडेअकरा हजार लोकांनी ऐकलाय तो एपिसोड. याआधीचा माझा सगळ्यात मोठा चारशेचा होता. वापीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने लिहिलं, "नऊ वर्षं आखाजीले माहेर दखं नही, आज दखं." हे मी पुसून टाकू?

आणि एक विचारतो, रागावू नकोस. एरंडोलच्या घरात माझा एपिसोड गेला कसा? मी फक्त हवेत सोडला. भिकुबाईंच्या फोनमध्ये नळ कोणी बसवला? सबस्क्राईब कोणी केलं, घंटीचं चित्र कोणी दाबलं, नवीन आलं की आपोआप उतरेल अशी सेटिंग कोणी लावली? त्या बाईंना तर साधं शोधताही येत नाही. त्यांनी फक्त तू शिकवलेलं त्रिकोणाचं बटण दाबलं.

काढायचं म्हणशील तर विचार करतो. पण जे आधीच उतरलंय ते त्यांच्या फोनमधून मी काढू शकत नाही, हेही तुला माहीत आहे.

दीपक


जळगाव,
२२ मे २०२५

दीपकभाऊ,

तुझं पत्र परवा आलं. दोन रात्री मी उत्तर मनात लिहीत होते. तू विचारलंस ते खरं आहे, म्हणून आधी तेच कबूल करते, मग भांडते.

हो, नळ मी बसवला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एरंडोलला त्यांच्या ओट्यावर बसून. मी बी.एड. करते म्हणजे मला सगळं येतं असं त्यांना वाटतं, आणि मलाही वाटतं. भिकुबाईंचा फोन घेतला, ॲप उतरवलं. वरच्या भिंगात तुझं नाव टाकून दाखवलं. त्या घाबरत होत्या, बोट लावलं की पैसे जातील म्हणून. मी म्हटलं, "फुकट आहे, आणि एकदा सबस्क्राईब केलं की शोधावं लागत नाही. आपल्या दारात येऊन पडतं, दुधाच्या पिशवीसारखं." मग वायफाय नाही म्हणून मोबाईल डेटावरही उतरू दे, असं लावलं. सेटिंगमध्ये जाऊन. कोणी सांगितलं नव्हतं. वहीच्या पानावर पायऱ्या लिहिल्या, शब्दांऐवजी चित्रं काढली, त्रिकोण म्हणजे चालू, दोन उभ्या रेघा म्हणजे थांब. ते पान त्यांनी देवघराच्या भिंतीला चिकटवलं. अक्काच्या नवऱ्याला म्हणजे प्रेमराजला आणि तिच्या दिरालाही लावून दिलं. गावाकडे आबांना दिलं. घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणून मी सगळ्यांच्या फोनांतून हिंडले आणि तुझा चारशेचा आकडा वाढवत होते. तू कधी सांगितलं नाहीस की उद्या काय येऊन पडेल. मीही विचारलं नाही. ही माझी चूक. लिहून दिली.

आता तुझी. तू परवानगी घेतलीस म्हणतोस. कोणाची? गाणं बायांचं, शिव्या बायांच्या, सासर त्यांचं, आणि परवानगी आबांची! आबा आयुष्यात त्या दिवशी नदीवर उतरले नाहीत. पुरुष उतरतच नाहीत. तू उतरलास कारण आत्याचा भाचा म्हणून बायांनी तुला पोर समजून सोडलं. त्या तुझ्यासमोर बोलल्या. साडेअकरा हजारांसमोर नाही बोलल्या. वापीच्या बाईचं मला वाईट वाटतं. पण तिच्या नऊ वर्षांची भरपाई माझ्या बहिणीने का करायची?

इकडे आबांनी बैठक ठरवली आहे. एक जून, रविवार, आमच्या घरी. एरंडोलहून तिघं येणार. अक्काने लेखी माफी द्यावी, मग ते तिला घेऊन जातील. माफी कोण लिहिणार? घरातले सगळे अर्ज मी लिहिते, रेशनचे, विहिरीचे. हाही मीच लिहिला. शनिवारी घरी गेले होते तेव्हा. 'मी माझ्या पूज्य सासूबाईंविषयी सार्वजनिकरीत्या अनुद्गार काढले, याचा मला मनापासून पश्चात्ताप होत आहे. पुन्हा असे घडणार नाही.' चांगला झालाय. अक्का सातवी शिकली आहे. पुढे मला शाळेत जाता यावं म्हणून तिला घरी ठेवलं. तिने तो वाचला, खाली सही केली आणि पीठ मळायला गेली. आई म्हणाली, "चला, मार्गी लागलं."

बैठकीच्या आत एपिसोड निघाला पाहिजे. नाहीतर मी धुळ्याला येईन आणि तुझ्या शूटिंगच्या दुकानात उभी राहून तुझ्या गिऱ्हाइकांसमोर आखाजी साजरी करेन. तेव्हा माइक लाव खुशाल.

कोकिळा


धुळे,
२५ मे २०२५

कोकिळा,

काढला. काल संध्याकाळी. वापीच्या बाईला काय सांगू ते मला माहीत नाही.

आबांबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. आईला दाखवलं तुझं पत्र. ती म्हणाली, "बरं लिखं पोरनी." तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही.

पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, आता सांगतो. एपिसोड आल्यावर तिसऱ्या दिवशी प्रेमराजचा फोन आला होता मला. म्हणजे दीपमालाला पाठवलं त्याच्या आदल्या दिवशी. मला वाटलं शिव्या देईल. तर आवाज अगदी मऊ. म्हणाला, "दीपकभाऊ, छान केलंय. फक्त ते सांडशीचं तेवढं काढा." मी विचारलं, चहाचं पण काढू का? तर म्हणाला, "चहाचं राहू द्या, आई पण हसली त्याला." मी म्हटलं, मधलं तेवढंच कापलं तर गाणं लंगडं होईल, बघतो. आणि लग्नाच्या कामात राहून गेलं.

सांडशीचं म्हणजे ते, पलीकडून विचारतात, "तुन्हा दाल्ला काय करस व?" आणि दीपमाला म्हणते, "मन्हा दाल्ला सांडशी फेकस, भाकर करपनी का नेम धरस." त्यावर सगळ्यात मोठा हशा आहे, म्हणून मी ते सुरुवातीच्या जाहिरातीतही घेतलं होतं. नवऱ्याला एवढ्याशा ओळीचं इतकं का लागावं, कळत नाही. बाकीच्यांनी तर नवऱ्यांना काय काय म्हटलंय.

आता निघाला आहे सगळाच. माफी झाली की मिटेल.

दीपक


घरून,
२८ मे

कोकिळा,

बेबामावशी डोळे दाखवायला जळगावला येते आहे तिच्याजवळ हे पत्र देते. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. चुकलं तर हसू नको.

आईने सांगितलं दीपकने ते काढून टाकलं. तू सांगितलंस म्हणून काढलं. मला कोणी विचारलं? टाकताना नाही विचारलं, काढताना नाही विचारलं. तुम्ही दोघं भांडताय चूक कोणाची. ऐकू आलं कसं, कोणी ऐकवलं, कोणी सबस्क्राईब केलं. मी म्हटलं ते खरं का, हे अजून एकाने विचारलं नाही. तू पण नाही. तू शिकलेली आहेस.

माफी तू लिहिली. अनुद्गार म्हणजे काय ते मला आईला विचारावं लागलं, तिला पण माहीत नाही. सही केली कारण तू उभी होतीस आणि तुझी बस होती.

पौषात भुवईवर टाके पडले तेव्हा तू फोनवर विचारलंस कसं झालं. मी म्हटलं दाराची कडी लागली. तू म्हणालीस जपून अक्का. कडी इतक्या वर असते का कोकिळा? तू आमच्या घरात येऊन बसली आहेस, कडी पाहिली आहेस.

तू सासूच्या मोबाईलमध्ये लावून दिलं. यांच्या मोबाईलमध्ये लावलं. आबांच्या. दिराच्या. माझ्याजवळ मोबाईल नाही, लग्नातला होता तो त्यांनी दुसऱ्या वर्षी घेतला. तुला ते दिसलं नाही. मी तुम्हाला चहा देत होते. साडेअकरा हजार लोकांनी ऐकलं म्हणे. मी एकटीनेच ऐकलं नाही.

मला ते ऐकायचं आहे. रविवारच्या आत. मी काय बोलले ते मला माझ्या कानाने ऐकायचं आहे.

दीपमाला


जळगाव,
४ जून २०२५

दीपकभाऊ,

अक्काचं पत्र सोबत पाठवते आहे, तिला विचारून. वाचून परत पाठव.

ते मिळालं तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. तिथेच तीनदा वाचलं. तास होता, गेले नाही. शुक्रवारी सकाळची बस धरून घरी गेले. तू काढलास तरी माझ्या फोनमध्ये एपिसोड होता. माझीही तीच सेटिंग. शेतातल्या लिंबाखाली आम्ही दोघी बसलो. मी तिला पायऱ्या सांगायला लागले, हे भिंग, इथे नाव. ती म्हणाली, "माले शिकाडू नको. लाव." मी लावलं. इअरफोनची एक बाजू तिच्या कानात, एक माझ्या. गाण्याच्या आधी तुझी प्रस्तावना येते, 'खान्देशच्या लेकीबाळींचा हा आनंदसोहळा'. ती म्हणाली, "हाऊ केवढा बोलस!" आणि मी पुढे ढकललं.

ती ओळ आली. मग हशा. तो हशा सगळ्या आवाजांचा मिळून एक होता असं मी समजत होते. कानात लावून ऐकलं की वेगळे वेगळे येतात. बेबामावशीचा खोकल्यासारखा. पलीकडच्या बायांचा पाण्यावरून आलेला. माझाही आहे, मी टाळ्या वाजवते. आणि सगळ्यात पहिला अक्काचा. ओळ पूर्ण व्हायच्या आत ती स्वतःच हसते.

तिने परत लाव म्हटलं. परत लावलं. इअरफोन काढून तिने मला विचारलं, "मी हासनू कसाले?"

मी इअरफोनची वायर गुंडाळत बसले. तिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

रविवारी अकरा वाजता ते आले. भिकुबाई, प्रेमराज आणि दीर. वसरीवर सतरंजी टाकली होती. आबांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला हाक मारली, "वाच व पोरी, तो कागद." मी कागद घेऊन उभी राहिले. 

मी म्हटलं, "आबा, हे अक्काने सांगितलेलं नाही. मी माझ्या मनाने लिहिलंय. मला वाचता येणार नाही."

प्रेमराज म्हणाला, "सही तर तिचीच आहे ना?"

"सही तिची, शब्द माझे. तिला त्यातला एक शब्द कळलाही नव्हता."

"शिकेल पोरीस्ना हाऊच ताप," दीर म्हणाला. आबा माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या ताटात माती टाकली. तेवढ्यात भिकुबाई बोलल्या, "माले माफी नकोच व्हती. चहानं मी मनवर लिधंच नही. आखाजीले मी बी मन्ही सासूले सोडेल नही. पोऱ्या म्हने, बदनामी व्हयनी, तिले धाडी देऊत." आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं. म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं.

"तशी बोलायची पद्धत नाही, म्हणून," प्रेमराज म्हणाला. फोनवर तुला ऐकू आला तोच मऊ आवाज असणार.

अक्का आतून आली. पदर डोक्यावर होता, हात पिठाचे. ती आबांच्या समोर खालीच बसली. "सांडशी फेकस तो. ते गानं नव्हतं."

 मग आबा म्हणाले, "मंग आतापावत सांगं का नही, पोरी?"

"सांगं ना," अक्का म्हणाली. "नदीवर सांगं. दोन्ही काठवरन्या बठ्ठा बायास्नी ऐकं. तुम्हीन मोबाईलवर दोनदा ऐकं, आबा. लखीचंदशेठना दुकानवर बी ऐकाडं."

दीपकभाऊ, आबांनी मान खाली घातली. ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने मला समाधान झालं असं लिहिलं तर पाप लागेल का, माहीत नाही. पण झालं. प्रेमराज "घरातल्या गोष्टी" वगैरे बोलत होता तेव्हा भिकुबाईच उठल्या. मुलाला काही म्हणाल्या नाहीत, सुनेलाही नाही. चप्पल घालून रस्त्याला लागल्या, मग ते दोघं मागे. आबांनी नंतर एवढंच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या तिले आठे." किती दिवस ते नाही म्हणाले. आईने विचारायचं धाडस केलं नाही, मी केलं. ते म्हणाले, "तू गप ऱ्हाय." मी राहिले नाही, पण ते इथे लिहीत नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. प्रेमराजने तुला फोन केला आणि तू 'गाणं लंगडं होईल' म्हणालास, हे मला विसरता येत नाही. माझ्यावरचाही गेलेला नाही. मी सात महिन्यांपूर्वी त्या ओट्यावर तासभर बसले होते आणि मला घरातले तीन फोन दिसले, तिचा नसलेला चौथा दिसला नाही. त्याला मी बी.एड.च्या भाषेत काय म्हणू, वाचन, अध्यापन की निरीक्षण?

एपिसोडचं अक्काला विचारलं. ती म्हणाली, "काढं ते काढं." पुन्हा टाकायचा नाही. वापीच्या बाईला तिने निरोप दिलाय, पुढच्या आखाजीला आमच्याकडे ये म्हणावं, राहायला. पत्ता तू कळव.

सोमवारी आम्ही अर्ज लिहायला बसलो, पोलीस ठाण्यात द्यायचा. मी सवयीने सुरू केलं, 'सदर इसमाने मला वेळोवेळी मारहाण करून'. अक्का शेजारून वाचत होती. म्हणाली, "हाई कोन बोलनं? मी नही."

मी विचारलं, मग काय लिहू?

"मी सांगस तेच लिख. सांडशी लिख. तीन येळा फेकी, ते लिख. पहिली चुकनी, तेबी लिख."

मी खोडून नवा कागद घेतला. पान भरायला दीड तास लागला, कारण ती प्रत्येक वेळी थांबून आठवत होती, आणि मी मध्ये एकही शब्द घातला नाही.

कोकिळा